मानभावी म्हणजे कोण?

नागपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आजोबा राहतात. सकाळी दूध घ्यायला फाटकाशी आले की ते कुणाला नमस्कार म्हणत नाहीत, राम राम म्हणत नाहीत. दुधाची पिशवी मनगटाला अडकवतात, दोन्ही हात जोडतात, जरा वाकतात आणि म्हणतात, ‘दंडवत प्रणाम!’ समोर शेंबडं पोर असो की साहेब, दंडवत तोच. आजोबा महानुभाव पंथाचे. विदर्भात या पंथाची माणसं गावोगावी आहेत, त्यामुळे त्या दंडवताचं आम्हाला कधी नवल वाटलं नाही.

एका सकाळी मी फाटकात उभा राहून फोनवर बोलत होतो. कुणावर तरी चिडून म्हणालो, ‘अरे, त्याच्या गोड बोलण्यावर जाऊ नको. लय मानभावी माणूस आहे तो!’ फोन ठेवला आणि बघतो तर आजोबा समोर. त्यांनी ऐकलं असणारच. पिशवी मनगटाला अडकवली, हात जोडले, ‘दंडवत प्रणाम’ म्हणाले आणि निघून गेले.

मानभावी. महानुभावी. आयुष्यभर हे दोन्ही शब्द मी बोलत आलो आणि शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलेच नव्हते!

तुम्हीच बघा. ‘महानुभाव’ हा शब्द भरभर दहा वेळा म्हणा. चौथ्या-पाचव्या खेपेला ‘ह’ बारीक होतो, मग ‘नु’चा उकार गळतो आणि जिभेवर उरतो ‘मानभाव’. बाजारात, बैलगाडीत, पाणवठ्यावर शेकडो वर्षं बोलला गेलेला शब्द असाच झिजतो, नदीतल्या गोट्यासारखा. पण गोटा झिजला तरी दगडच राहतो. इथे झिजता झिजता शब्द उलटा झाला. संस्कृतात महानुभाव म्हणजे थोर मनाचा माणूस. आणि मराठीत मानभावी म्हणजे वरून साळसूद, आतून वेगळाच. कथा-कादंबऱ्यांत खलनायक ‘मानभावीपणे हसतो’ आणि तो हसला की वाचक सावध होतो.

एका अख्ख्या पंथाचं नाव ढोंगाला कसं काय चिकटलं?

धागा एका म्हणीत सापडतो. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची.’ ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे आणि मानभाव लोक ढोंगी असल्याचा पुरावा म्हणूनच ऐकली आहे. आता ती जरा सावकाश वाचा. म्हणीतला ढोंगी कोण? ज्याची करणी कसाबाची तो. त्याने बोलणं कुणाचं उसनं आणलंय? मानभावाचं. आणि उसनं मागायला आपण कुणाच्या दारी जातो? ज्याच्या घरात ती वस्तू आहे त्याच्या! म्हणजे ज्या माणसाने पहिल्यांदा ही म्हण उच्चारली, त्याच्या गावात मानभावाचं बोलणं सगळ्यात मऊ, सगळ्यात अहिंसक समजलं जात असणार. नाहीतर सोंग घेणाऱ्याने तेच का निवडावं? माझ्या मते ही म्हण मुळात मानभावांना दिलेलं प्रशस्तिपत्र आहे. पुढे काय झालं? गाढवाने वाघाचं कातडं पांघरलं, गाढव पकडलं गेलं आणि लोक वाघालाच गाढव म्हणू लागले.

असं नशीब या एकाच शब्दाचं नाही. सम्राट अशोक स्वतःला ‘देवानांप्रिय’ म्हणवत असे, देवांचा लाडका. नागपूरला अशोकाची ओळख सांगायला नको, दर अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो माणसं जमतात. त्याच अशोकाच्या या बिरुदाचा अर्थ पुढे संस्कृत व्याकरणकारांनी काय नोंदवला? मूर्ख! त्याच्या शिलालेखांत ‘पाषंड’ म्हणजे नुसता पंथ, कुठलाही पंथ, आणि सगळ्या पाषंडांचा मान राखा असं तो सांगतो. आज आपण पाखंडी कुणाला म्हणतो, ते सांगायला नकोच. साहेबाच्या भाषेतला ‘हिपॉक्रिट’ ग्रीकांच्या रंगभूमीवर नुसता नट होता, मुखवटा घालून बोलणारा. शब्दांची ही गंमत बघितली की वाटतं, एखाद्या भाषेत ढोंग्याला काय म्हणतात ते शोधावं, त्या समाजाला कधीकाळी कुणाचा संशय आला होता ते कळतं.

मग मराठी समाजाला या दंडवत घालणाऱ्या लोकांचा संशय का आला? त्यासाठी आठशे वर्षं मागे जावं लागतं, आणि गोष्ट सुरू होते ती आपल्या रामटेकच्या नावाने.

गुजरातेत भडोचला हरिपाळदेव नावाचा प्रधानपुत्र होता. महानुभाव परंपरा सांगते की तो तरुणपणी वारला. प्रेत स्मशानात नेलं. त्याच वेळी द्वारावतीच्या चांगदेव राउळांनी आपला देह सोडला आणि या मृत देहात प्रवेश केला. हरिपाळदेव उठून बसला! घरच्यांना वाटलं, आपला मुलगा परत आला. चेहरा तोच, हात तेच, आवाज तोच. आत मात्र दुसरंच कुणी. आई-वडील, बायको कमळाइसा, नोकरचाकर, सगळे त्या चेहऱ्याशीच बोलत राहिले.

थांबा, यापुढचा भाग मला जास्त थक्क करतो. पंथाच्या लेखी या देहात आता साक्षात परमेश्वर आहे. आणि हा परमेश्वर काय करतो? जुगार खेळतो. हरतो. देणं फेडायला बायकोकडे दागिने मागतो आणि ती देत नाही. घरोघरी घडावा असा प्रसंग! त्या नकाराने त्याचं मन संसारातून उठतं. रामटेकच्या यात्रेला जातो असं सांगून तो भडोच सोडतो, आणि हाच पुढे चक्रधरस्वामी म्हणून ओळखला जातो.

कुठल्या पंथाने आपल्या देवाची अशी हकिगत लिहून ठेवली असती? देव जुगारात हरला ही गोष्ट लपवणं किती सोपं होतं! एक पान गाळलं की काम झालं. त्यांनी गाळलं नाही.

स्टीव्हन्सनची डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइडची कादंबरी १८८६ साली आली आणि जगभर गाजली. एका सभ्य डॉक्टरच्या देहात एक राक्षस दडलेला. आपल्या मराठीच्या पहिल्या गद्य ग्रंथात त्याच्या सहाशे वर्षं आधी एका देहात दोन माणसं आहेत, आणि तिथे उलटा प्रकार आहे. दिसतो तो जुगारी. दडलाय तो देव. वाचणाऱ्याने कुणाला दोष द्यायचा आणि कुणाला दंडवत घालायचा?

रामटेकच्या वाटेवर लागलं ऋद्धपूर. आज ते अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात आहे. तिथे चक्रधरांना भेटले गोविंदप्रभू. त्यांच्याविषयी वाचताना तर मला दर पानावर थांबावंसं वाटतं.

गोविंदप्रभूंना गाव राउळ म्हणत असे. आई-वडील लहानपणीच गेलेले, नातेवाइकांनी वाढवलेले. हे राउळ दिवसभर गावातून भटकत. कुणाच्याही घरात शिरावं, चुलीवरचं काढून खावं, ब्राह्मणाचं घर आणि अस्पृश्याचं घर असा भेद मानू नये. मध्येच खदखदून हसावं, मध्येच रुसावं. देवळातल्या मूर्तीशी बोलावं, लेकरांमध्ये लेकरू होऊन खेळावं. कुणी जवळ आलं की त्याला ‘मर’ म्हणून शिवी द्यावी, आणि ज्याला शिवी मिळाली त्याने आशीर्वाद मिळाल्यासारखं घरी जावं! अर्धं गाव म्हणे राउळ वेडे आहेत. अर्धं गाव म्हणे राउळ आमची आई आहेत, बाप आहेत. बरीच माणसं तर सकाळी एक म्हणत आणि संध्याकाळी दुसरं.

चक्रधरांनी या वेड्यात काय बघितलं? आपला गुरू. याच राउळांकडून त्यांना ज्ञानशक्ती मिळाली असं पंथ मानतो. मग ते सालबर्डीच्या डोंगरात गेले आणि परंपरेप्रमाणे बारा वर्षं तिथे राहिले. ऋद्धपूरच्या ज्या माणसांनी रोज राउळांना पाहिलं त्यांना जे दिसलं नाही, ते एका वाटसरूला एका भेटीत दिसलं.

पुढे चक्रधरांभोवती माणसं जमली. बायकाही जमल्या, आणि हे त्या काळाला सहज पचणारं नव्हतं. मासिक पाळीतल्या बाईला त्यांनी दूर बसवलं नाही. नाकातून शेंबूड येतो तसंच हेही शरीराचं एक सांडणं, त्यात विटाळ कसला, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तेराव्या शतकात! शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे पळत आलेला ससा त्यांच्या मांडीखाली लपला तेव्हा त्यांनी तो परत दिला नाही, शिकारी ताटकळून निघून गेले. ही ससा वाचवल्याची लीळा अनेकांच्या शाळेच्या पुस्तकात होती.

हे सगळं आपल्याला कळलं ते म्हाइंभट नावाच्या एका पंडितामुळे. हे गृहस्थ चक्रधरांशी वाद घालायला, त्यांना हरवायला आले होते आणि शिष्य होऊन राहिले. चक्रधर उत्तरेकडे निघून गेले आणि भक्त पोरके झाले, तेव्हा म्हाइंभटांनी एक काम हाती घेतलं. स्वामींना ज्यांनी ज्यांनी बघितलं त्या प्रत्येकाकडे जायचं आणि आठवणी गोळा करायच्या. गावोगाव पायपीट. स्वामी कुठे उतरले होते? काय खाल्लं? कुणावर रागावले? कुणाला काय म्हणाले? मिळालेली प्रत्येक आठवण पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्यापुढे ठेवायची आणि पडताळून घ्यायची. ऋद्धपूरला बसून साधारण १२७८ साली त्यांनी हे सारं लिहून काढलं. तेच ‘लीळाचरित्र’. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ज्ञानेश्वरांनी ओवीला हात घालायच्या बारा वर्षं आधी विदर्भातल्या एका खेड्यात एक माणूस साध्या बोलीभाषेत, बिनयमकाची, बिनछंदाची मराठी लिहीत बसला होता. लोक बोलतात तशी. आखूड वाक्यं, कोण आलं, कुठे बसलं, काय म्हणालं.

मराठीच का? म्हाइंभटांसारखा पंडित संस्कृतात सहज लिहू शकला असता. पण पंथात संस्कृतची भाषा निघाली तेव्हा नागदेवाचार्यांनी अडवलं. त्यांचं म्हणणं असं की स्वामींनी मला मराठीत शिकवलं, आणि संस्कृत आणलंत तर माझ्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. माझ्या म्हाताऱ्या बायका! मराठीच्या पहिल्या गद्य ग्रंथाचा वाचक कोण असावा हे ठरवताना त्यांच्या डोळ्यांपुढे राजा नव्हता, पंडित नव्हता. भिक्षा मागून आणणाऱ्या, अक्षराची ओळख नसलेल्या म्हाताऱ्या होत्या.

आणि म्हाइंभटांचा प्रामाणिकपणा बघा. गोविंदप्रभूंचं चरित्र त्यांनी वेगळं लिहिलं. ते स्वतः राउळांना देव मानत. तरी गावकरी राउळांना वेडे म्हणत हे त्यांनी तसंच्या तसं लिहून ठेवलं. घरातून काढून खाणं, रुसणं, शिव्या, सगळं. कुठे मलमपट्टी नाही, कुठे असं म्हणणं नाही की अहो, वरवर वेडेपणा वाटला तरी आत फार गहन अर्थ होता बरं का. प्रसंग सांगायचा आणि बाजूला व्हायचं. वेडा की देव, हे तुम्ही ठरवा! सातशे वर्षांपूर्वीचा हा लेखक वाचकावर केवढा विश्वास टाकतोय.

पंथाच्या ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत आहेत. त्यात हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांतही येतो. कुणाच्या हाती सोंड, कुणाच्या हाती पाय, आणि प्रत्येकाला वाटतं हत्ती एवढाच. म्हाइंभटांनी जणू प्रत्येक हात लावणाऱ्याला विचारलं, तुला काय लागलं? आणि सगळ्यांची उत्तरं जपली.

मग घात झाला. खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. आता काय करायचं? पंथाने पुन्हा माणसांकडे धाव घेतली. हिराइसा नावाच्या साध्वीच्या स्मरणशक्तीची ख्याती होती, तिला पाठ असलेला मजकूर उतरवला गेला. आणखी कुणाकुणाला वेगवेगळं आठवत होतं. त्या आठवणींच्या परंपरांना पंथात ‘वासना’ म्हणतात. हाही शब्द बघा, आपल्याकडे त्याचं काय झालं आणि तिथे त्याचा अर्थ काय! एका बाईच्या डोक्यात एक अख्खा ग्रंथ सुखरूप बसून होता, आणि तिथून तो परत कागदावर आला.

एकदा पोथी गेली म्हटल्यावर माणसं शहाणी होतात. इथून सुरू होतो या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण भाग.

लहानपणी तुम्ही ‘च’ची भाषा बोलला असाल. ‘कमळ’ म्हणायचं तर पहिलं अक्षर शेवटी टाकायचं, त्याच्या जागी ‘च’ ठेवायचा, झालं ‘चमळक’. मोठी माणसं बघत राहायची आणि आपल्याला केवढा आनंद व्हायचा! महानुभावांनी हाच खेळ पोथ्यांवर केला, पण कितीतरी पक्का. चौदाव्या शतकात रवळोबास नावाच्या महानुभाव ग्रंथकाराने ‘सकळ लिपी’ बनवली असं परंपरा सांगते. तत्त्व सोपं आहे. अक्षरांच्या जागा बदलायच्या. समजा आपण दोघांनी ठरवलं की ‘क’च्या जागी ‘म’ आणि ‘म’च्या जागी ‘क’ लिहायचा, ‘ळ’च्या जागी ‘र’ आणि ‘र’च्या जागी ‘ळ’. ही किल्ली मी आत्ता समजावण्यापुरती बनवली, सकळ लिपीची खरी किल्ली नव्हे. आता लिहा बघू ‘कमळ’. काय झालं? ‘मकर’! लिहिलं कमळ, वाचणाऱ्याच्या हाती मगर! किल्ली नसलेल्या माणसाला संशयही येणार नाही की इथे काही दडलंय.

पण प्रत्येक शब्दाचा असा अर्थ निघत नाही. बहुतेक वेळा नुसता गलबला होतो. पोथी हातात घ्या, अक्षरं ओळखीची, काना-मात्रा ओळखीच्या, मोठ्याने वाचताही येतं, आणि कळत काही नाही. आपल्याच घराच्या दाराशी उभं राहावं आणि आतल्यांची बोली परकी वाटावी, तसं. सकळ लिपीनंतर आणखी कितीतरी झाल्या. सुंदरी, पारमांडल्य, वज्र, अंक, शून्य. नावं तरी किती देखणी! एकेका शाखेची एकेक लिपी, आणि किल्ली गुरूकडून शिष्याकडे.

का केलं हे? स्वाऱ्यांची भीती होती. पवित्र ग्रंथ दीक्षा न घेतलेल्याच्या हाती पडू नये ही इच्छा होती. शिवाय हा पंथ इतरांना खटकेल असं बरंच मानत होता. त्यांनी जातीचा विटाळ मानला नाही, बायकांना संन्यास दिला, अनेक देवांची पूजा सोडली. अशांनी आपली पोथी उघडी ठेवली असती तर काय झालं असतं याचा अंदाज त्यांना होता. मला तिन्ही कारणं खरी वाटतात. घराला माणूस कुलूप लावतो तेव्हा एकाच चोराचा विचार करून लावत नाही.

कुलूप साडेपाचशे वर्षं टिकलं. त्या साडेपाचशे वर्षांत ही माणसं मराठी घेऊन कुठवर गेली माहीत आहे? पंजाबात त्यांना जयकृष्णी म्हणतात. पेशावर आणि काबूलपर्यंत त्यांचे मठ होते. तिथले पंजाबी बोलणारे साधू पोथीसाठी मराठी शिकत! यादवकाळातली मराठी, तीही सांकेतिक लिपीत, खैबरखिंडीच्या आसपास वाचली जात होती, आणि पुण्या-मुंबईच्या विद्वानांना तिचा पत्ता नव्हता.

आता गावकऱ्याच्या जागी उभं राहा. गावाबाहेर काही माणसं येऊन उतरतात. कपडे काळे. बाप्ये आणि बाया दोन्ही. बोलणं अतिशय मऊ, मुंगी मरू नये म्हणून जपणारी. गावच्या देवाला हात जोडत नाहीत. एका ओट्याला मात्र साष्टांग दंडवत घालतात, कारण तिथे कधीतरी त्यांचे स्वामी बसले होते. आणि झोळीत पोथ्या. एखादा लिहिता-वाचता कुलकर्णी ती पोथी मागून घेतो, दिवा जवळ ओढतो, वाचू लागतो. चमळक, चमळक. तो मान वर करून त्या हसऱ्या चेहऱ्यांकडे बघतो. एवढं गोड बोलणारी माणसं नेमकं काय लपवतायत?

संशयाचं बी तिथे पडलं असं मला वाटतं. एवढा गोडवा आणि एवढं गुपित, दोन्ही एकत्र दिसलं की माणसाचं मन लगेच निकाल देऊन टाकतं. संतकवींनीही मानभावांवर टीका केली, म्हणी फिरू लागल्या, आणि हळूहळू पंथाचं नाव शिवीच्या रांगेत जाऊन बसलं.

आणि कुलपाच्या आत होतं काय? कट नव्हता, जारणमारण नव्हतं. आत मराठीतली सगळ्यात उघडी, सगळ्यात निर्मळ पोथी होती. देव जुगार हरला हे सांगणारी. गुरूला गाव वेडा म्हणतं हे सांगणारी. स्वामींनी काय खाल्लं आणि कुणाला रागावले हे न गाळता सांगणारी. ज्यांनी काहीच झाकलं नाही असा मजकूर लिहिला, त्यांनाच तो झाकून ठेवावा लागला, आणि झाकला म्हणून त्यांनाच ढोंगी ठरवलं गेलं. हा उलगडा पहिल्यांदा झाला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दार किलकिलं झालं. काही महंतांनी विश्वास टाकून पोथ्या दाखवल्या, किल्ल्या सांगितल्या. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे, इतिहासाचार्य राजवाडे अशी माणसं या लिप्यांच्या मागे लागली. एकेक अक्षर आपल्या जागेवर परत जाऊन बसलं आणि त्या गलबल्यातून घडाघडा मराठी बोलू लागली! तोवर मराठी गद्य म्हटलं की लोकांना बखरी आठवत. आता ते एकदम तेराव्या शतकात जाऊन पोचलं. घराच्या मागच्या भिंतीत बंद केलेली खोली सापडावी आणि ती उघडल्यावर कळावं की मूळ घर तीच होती, तसंच झालं हे.

या खोलीतला उजेड बाहेर आणण्यात नागपूरचा वाटा फार मोठा आहे. ह. ना. नेने यांनी १९३० च्या दशकात नागपुरातून लीळाचरित्राचे भाग छापायला घेतले. मग वि. भि. कोलते. बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला हा माणूस पुढे नागपूर विद्यापीठाचा कुलगुरू झाला. उभा जन्म त्यांनी या पोथ्यांना दिला. पोथी मिळवायची, दुसऱ्या पोथीशी ताडायची, तिसरीशी ताडायची. सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभट आठवणी ताडत होते, कोलते त्या आठवणींच्या प्रती ताडत होते. त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलं. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने गोविंदप्रभूंचं चरित्र इंग्रजीत नेलं, ते १९८४ साली आलं. ऋद्धपूरच्या राउळांचा वेडेपणा आज जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून वाचता येतो.

अमेरिकेचं नाव निघालं म्हणून सांगतो. हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी १८५० ची. गाव एका बाईला व्यभिचारी ठरवतं आणि तिच्या छातीवर लाल रंगाचं ‘ए’ हे अक्षर लावायला भाग पाडतं. ती खाली मान घालून वर्षानुवर्षं आजाऱ्यांची, गरिबांची सेवा करत राहते. आणि एक दिवस गावातले लोक म्हणू लागतात की हे ‘ए’ दुसऱ्याच शब्दाचं पहिलं अक्षर आहे, समर्थ या अर्थाच्या. अक्षर तेच, छाती तीच, अर्थ बदलला. ती कादंबरी होती, लेखकाने एका आयुष्यात ते घडवून आणलं. आपल्याकडे खरोखर जगलेल्या माणसांच्या नावाचा अर्थ बदलला, तो मात्र खाली घसरला आणि अजून वर आलेला नाही.

बाकी सगळं वर आलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि तिचं जुनेपण सांगताना लीळाचरित्राचं नाव अभिमानाने घेतलं गेलं. मराठी भाषा विद्यापीठ कुठे काढायचं हा प्रश्न आला तेव्हा पुणं-मुंबई सोडून ऋद्धपूर निवडलं गेलं. जिथे राउळ लोकांच्या चुलीवरचं काढून खात आणि गाव त्यांना वेडं म्हणत असे, तिथे आज महाराष्ट्रातलं पहिलं मराठी विद्यापीठ आहे. शब्दकोशात मात्र मानभावी म्हणजे ढोंगी हे तसंच आहे.

रामटेकला गेलात तर गडावरच्या मुख्य देवळापाशी थांबू नका, जवळच्या भोगरामच्या देवळातही जा. वाकाटकांच्या काळातलं देऊळ. यात्रेला जातो म्हणून भडोचहून निघालेले चक्रधर इथे राहिले होते, असं महानुभाव मानतात. तिथे तुम्हाला कुणीतरी दोन्ही हात जोडून ‘दंडवत प्रणाम’ म्हणेल. उत्तरही तेच द्यायचं असतं.

आणि एक विनंती. ढोंग्याला जरूर ढोंगी म्हणा. मराठीत त्याच्यासाठी शब्दांचा तोटा नाही. दांभिक आहे, लबाड आहे, साळसूद आहे, बगळाभगत आहे, पोटात एक ओठात एक आहे. तेवढा तो एक शब्द ज्यांचा आहे त्यांना परत करू या. मी त्या सकाळपासून केला आहे.